एका स्वराचा हट्ट

पेटीवर दोन पट्ट्या दाबल्या की दोन्ही सूर बोलतात. १९७० सालचा मिनीमूग हा सिंथेसायझर मात्र एका वेळी एकच पट्टी मानतो, तीही खालच्या स्वराची. चढती तान घेताना मागचे बोट रेंगाळले की पुढचा स्वर गिळला जातो. उतरताना तेच रेंगाळणे खपून जाते. शिवाय सर्व पट्ट्या सुटल्याखेरीज नवा आघात नाही. म्हणून जोडलेले स्वर एका श्वासात गातात. आजच्या अनेक वाद्यांत शेवटी दाबलेल्या पट्टीला मान देता येतो, प्रत्येक स्वराला वेगळा आघातही. सोय खरी, पण तिच्याआड आळशी बोट लपते. मला विचाराल, तर शिकणाऱ्याने आधी तो जुना हट्टी नियमच सोसावा.