आरंभ आणि शेवट

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मराठी रसिकांनी त्यांतील विनोदाची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे, व ती सर्वस्वी रास्तच होय. परंतु हा विनोद कोणाच्या श्रमांवर उभा आहे, हा प्रश्न टीकाकारांनी फारसा विचारलेला नाही. आणि वर्षानुवर्षे हा ग्रंथ वर्गात शिकवीत असता तो आम्हांसही सुचला नाही, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

रेव्हरंड टिळकांच्या संसारात श्रमविभाग होता. पण तो घर आणि बाहेर असा नव्हे, तर आरंभ आणि शेवट असा होता. संकल्प पतीने करावा व पत्नीने तो तडीस न्यावा. अतिथीला घरी आणण्याचे औदार्य टिळकांचे. त्याचे पान वाढण्याची चिंता लक्ष्मीबाईंची. अनाथ पोरांना आश्रय देण्याची कळकळ त्यांची. त्या पोरांचे न्हाणेमाखणे आणि दुखणीखुपणी यांच्या वाट्याची. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो निर्णय एकट्याचा. पुढची वियोगाची वर्षे लहानग्या दत्तूसह काढली ती लक्ष्मीबाईंनी. उतारवयातही हा क्रम पालटला नाही. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. तेही लक्ष्मीबाईंनीच पुरे केले.

टिळकांना दोषी ठरविण्याचा आमचा हेतू नाही. पत्नीने लिहावाचावयास शिकावे, ही हौस त्यांचीच. ती नसती तर हा ग्रंथही नसता. शिवाय लक्ष्मीबाईंच्या लेखणीत कडवटपणा नाही. पण कुरकूर नाही म्हणून भारही नव्हता, असे अनुमान काढणे चुकीचे आहे. सवयीच्या हाताने उचललेले ओझे पाहणाऱ्यास हलके वाटते, इतकेच.

हा श्रमविभाग त्या पिढीबरोबर संपला, असेही नाही. भारत सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामी रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटे, तर पुरुषांचा ८८ मिनिटे भरला. शिवाय घरकामात भाग घेणारे पुरुषच मुळात थोडे. हे आकडे बोलके आहेत; परंतु पीठ संपत आले, मुलाच्या लसीची तारीख जवळ आली, हे ध्यानात वागविण्याचा भार मिनिटांत कसा मोजावा? आमची मुले लहान असता आम्ही त्यांना संध्याकाळी हौसेने फिरावयास नेत असू व तेवढ्याने पित्याचे कर्तव्य पार पडले असे समजत असू. परतल्यावर चिखलाने भरलेले कपडे कोणी धुतले, हे पाहिल्याचे आम्हांस स्मरत नाही.

'स्मृतिचित्रे' वाचताना वाचकाने हसावे, मनमुराद हसावे. मात्र हसू ओसरले म्हणजे, टिळकांनी आरंभिलेले ते कार्य शेवटास कोणी नेले, हेही पाहावे. आणि मग पुस्तक मिटून आपल्या घरातही एकदा दृष्टी टाकावी.