सही खरी, पण कशावरची?

डिजिटल सहीचे गणित पक्के आहे. पाठवणाऱ्याचा संगणक मजकुरावरून ठरावीक लांबीची एक संख्या काढतो (एसएचए-२५६ पद्धतीत ती २५६ बिटांची असते) व तिच्यावर खाजगी किल्लीने सही करतो. घेणाऱ्याचा संगणक सार्वजनिक किल्लीने ती सही पडताळतो. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला, तरी पडताळणी फसते. आमची तक्रार गणिताबद्दल नाही. त्याचे उत्तर वाचकाला दाखवणाऱ्या ई-मेल प्रोग्रॅमबद्दल आहे.

पडद्यावर 'सही वैध' अशी खूण उमटते. पण सही कशावर? एस/माइम आणि ओपनपीजीपी या दोन्ही पद्धतींत ती सामान्यतः पत्राच्या मजकुरावर असते. विषय, तारीख, पाठवणाऱ्याचे नाव हे सारे तिच्याबाहेर राहते. समजा, मुख्याध्यापकांनी 'सहल' या विषयाच्या पत्राला 'होय, माझी संमती आहे' असे सही करून उत्तर दिले. कोणी तेच उत्तर 'बाके खरेदी' असा विषय घालून कार्यालयाकडे पाठवले, तर काय होईल? पडताळणी यशस्वी होईल, कारण सही केलेल्या चार शब्दांत काहीच बदललेले नाही. प्रोग्रॅम मात्र विषय आणि मजकूर एकाच चौकटीत मांडतो; वाचणाऱ्याला दोन्ही सहीखालचेच वाटणार. विषयालाही सहीखाली घेण्याची सोय आता निघाली आहे, पण सगळे प्रोग्रॅम ती वापरत नाहीत.

२०१९ साली जर्मनीतील बोखुम व म्युन्स्टर येथील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रोग्रॅमांची परीक्षाच घेतली. ओपनपीजीपी वापरणाऱ्या २० पैकी १४ आणि एस/माइम वापरणाऱ्या २२ पैकी १५ प्रोग्रॅमांना खोट्या सहीने फसवता आले. त्यासाठी गणित मोडावे लागले नाही. काही ठिकाणी पत्राच्या मजकुरातच 'सही वैध' ही खूण चित्र म्हणून काढली, एवढे पुरले. विद्यार्थ्याने आपल्याच वहीत लाल शाईने 'तपासले' असे लिहावे, तसा हा प्रकार! दुसरी युक्ती अधिक बेरकी होती. सही हल्लेखोराच्या स्वतःच्या खऱ्या किल्लीने करायची, पाठवणारा म्हणून नाव मात्र दुसऱ्याचे लावायचे. खूण उमटते, ती खरीही असते. फक्त सही कोणाची, हे प्रोग्रॅम सांगत नाही.

अशा वेळी दोष वापरणाऱ्याच्या अज्ञानावर ढकलला जातो. १९९९ साली व्हिटन आणि टायगर यांनी पीजीपी ५.० हा प्रोग्रॅम १२ जणांच्या हाती दिला होता. ९० मिनिटांत सही करून सांकेतिक पत्र पाठवणे त्यांतल्या जेमतेम एकतृतीयांश लोकांना जमले. (पीजीपी म्हणजे 'प्रिटी गुड प्रायव्हसी', नाव ठेवणाऱ्याचा विनय येथे अगदी योग्य ठरला.) ही माणसे अडाणी नव्हती. पडद्यावरच्या खुणाच त्यांना नीट काही सांगत नव्हत्या.

आमच्या मते पडताळणीचा निकाल पत्राच्या मजकुराला पोहोचताच येणार नाही अशा जागी दाखवला पाहिजे. खुणेशेजारी किल्लीच्या मालकाचा पत्ता हवा, आणि सहीखालचा भाग ठळक रेषेने वेगळा हवा. तोपर्यंत खुणेवर क्लिक करून आत दिसणारा पत्ता वरच्या पत्त्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावा. क्लिक केल्यावर काहीच उघडले नाही, तर ती खूण बहुधा पत्रातलेच चित्र असेल.