डावं पान विकतात, उजवं टाकतात

मागच्या व्याख्यानात आपण मूळ आणि नक्कल या शब्दांची फोड केली. आज त्याचं एकच उदाहरण घेऊ. ‘त्रे रिश ऑर’ ही फ्रान्समधली पोथी. बेरीचा ड्यूक जाँ याच्यासाठी लिंबुर्ग बंधूंनी ती रंगवायला घेतली. 1416 मध्ये ड्यूक आणि तिघेही भाऊ गेले, काम अर्धवट राहिलं. पुढे ते इतरांनी पुरं केलं. दिवसाच्या ठरलेल्या प्रहरांना म्हणायच्या प्रार्थनांचं हे पुस्तक. आरंभी बारा महिन्यांचं पंचांग आणि दर महिन्याला एक पानभर चित्र. ही बारा चित्रं आज पोस्टर, कॅनव्हास, भेटकार्डं अशा रूपांत जगभर विकली जातात.

नक्कल करूच नये असं आम्ही म्हणत नाही. पण नक्कल कशाची करतात, ते बघा. पोथी उघडली की डावीकडे चित्र येतं आणि उजवीकडे त्या महिन्याच्या तारखा, संतांचे सण. विकलं जातं ते फक्त डावं पान. आपल्याकडेही कॅलेंडरवरचा गणपती कापून चौकटीत लावायची जुनी पद्धत आहे. पण तेव्हा वर्ष सरलेलं असतं, तारखा निकामी झालेल्या असतात. या पंचांगाला साल नाही. संताचा सण दरवर्षी त्याच तारखेला येतो, म्हणजे उजवं पान शिळं होतच नाही.

ते काढून टाकलं की काय उरतं? फेब्रुवारीचं चित्र घ्या. बर्फ, मेंढ्यांचा गोठा, लाकूडतोड्या, शेकोटीपुढे बसलेली माणसं. तारखांच्या शेजारी असताना तो वर्षातला एक महिना होता, त्यात करायची कामं आणि म्हणायच्या प्रार्थना होत्या. दिवाणखान्याच्या भिंतीवर गेला की तो नुसता गोड हिवाळा होतो. आणि गोडवा आला की अडचणीचं काही चालत नाही. 1948 साली अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकानं ही चित्रं रंगीत छापली, तेव्हा कपडे वर करून शेकणाऱ्या शेतकऱ्यांची उघडी अंगं रंगानं झाकून टाकली!

आता सोन्याचं. जानेवारीच्या चित्रात ड्यूक मेजवानीला बसलाय आणि त्याच्या कारभाऱ्याच्या डोक्यावर सोनेरी अक्षरांत पाहुण्यांना जवळ बोलावणारे शब्द आहेत. पान हातात घेऊन जरा कललं की सोनं चमकतं, परत कललं की विझतं. चार शाईंच्या छपाईत त्याचा मातकट पिवळा होतो आणि तो कुठूनही बघा, तसाच. शिवाय मूळ पान साधारण 29 गुणिले 21 सेंटिमीटर, म्हणजे आपला ए-फोर कागद. तो दोन-तीन फुटांचा केला की वाचणारा जाऊन बघणारा येतो.

नेल्सन गुडमन यांनी 1968 मध्ये एक भेद मांडला. कवितेची अक्षरं नीट उतरवली की ती तीच कविता. चित्र मात्र कितीही नीट उतरवा, मूळ ते मूळच. या पोथीत दोन्ही समोरासमोर आहेत. गंमत बघा: जे पान अक्षर न गमावता उतरवता येतं, ते आपण टाकतो, ज्याची नक्कल अपुरीच राहणार, ते फ्रेम करतो.

मग मूळच बघावं, असं कुणी म्हणेल. ती पोथी शांतिईच्या कोंदे संग्रहालयात आहे. ड्यूक दोमाल यांनी संग्रह देताना अटच घातली की काहीही उसनं बाहेर द्यायचं नाही. आणि तिथंही ती सहसा दाखवत नाहीत. 2025 च्या उन्हाळ्यात डागडुजीसाठी तिची शिवण सोडवली, तेव्हा पंचांगाची पानं लोकांसमोर मांडली. एरवी आपल्यासारख्यांना नक्कलच आहे, म्हणून तर ती धड असावी हा हट्ट. 1984 मध्ये लुझर्नहून या पोथीची अख्खी हुबेहूब प्रत निघाली, मूळ मापात, पण 980च. ती ग्रंथालयांना आणि धनिकांनाच परवडणार.

आमची मागणी फार मोठी नाही. दोन्ही पानं शेजारी छापा, मूळ मापात, आणि लावायला खिळा न लागणाऱ्या जाड कागदावर. टेबलावर ठेवता येईल, हातात घेता येईल. सोनं नसेल तर नसू दे. उजवीकडे तारखा तरी असतील.