ऐतिह्य, तर्क आणि कल्पना : ‘यवतमाळ’ ह्या नांवाच्या निमित्तानें

इतिहासविषयक लेखांत आणि पोथ्यांच्या याद्यांत आख्यायिका, दंतकथा, ऐतिह्य, तर्क, अनुमान व कल्पना हे शब्द एकमेकांच्या जागीं सर्रास योजिले जातात. हा केवळ भाषेचा सैलपणा असता तर त्याची चर्चा करण्याचें कारण नव्हतें. परंतु एका लेखकाचा तर्क दुसऱ्याच्या लेखांत अनुमान होतो आणि तिसऱ्याच्या ग्रंथांत सिद्ध गोष्ट म्हणून मिरवूं लागतो. उलटपक्षीं, ‘ही नुसती आख्यायिका’ असा शेरा बसतांच एखादें जुनें टिपण पुन्हा कोणी उघडूनहि पाहत नाहीं. सबब ह्या शब्दांच्या मर्यादा आंखणें अगत्याचें आहे.

शब्दांचीं मूळें पाहतां निराळेंच दृश्य दिसतें. ज्ञात वृत्तावर रचलेली ती आख्यायिका व कल्पनेनें रचलेली ती कथा, असा भेद अमरकोशांत आहे. बाणभट्टाचें हर्षचरित आख्यायिका आणि कादंबरी कथा गणली जाते, ती ह्याच न्यायानें. मराठींत मात्र आख्यायिका दंतकथेच्या पंक्तीस जाऊन बसली. नैयायिकांच्या मतें अनुमान हें प्रमाण आहे. तर्क हें स्वतः प्रमाण नव्हे, प्रमाणास साह्य करणारा विचार आहे. ज्याचा मूळ वक्ता सांगतां येत नाहीं असें परंपरेनें चालत आलेलें वचन तें ऐतिह्य. न्यायशास्त्रानें त्यास स्वतंत्र प्रमाण न मानतां शब्दप्रमाणांत घातलें. अरबी ‘कियास’ हा इस्लामी धर्मशास्त्रांत सादृश्यावरून निर्णय काढण्याच्या पद्धतीचा शब्द. मराठींत ‘कयास’ म्हणजे निव्वळ अटकळ उरली.

हा भेद व्यवहारांत कसा उपयोगी पडतो तें ‘यवतमाळ’ ह्या नांवावरून पाहावें. अबुल फजलाच्या ऐन-इ-अकबरींत वऱ्हाडच्या परगण्यांत ‘योत लोहारा’ हें नांव आढळतें. एवढें लेखी प्रमाण. लोहारा हें गांव यवतमाळच्या पश्चिमेस अगदीं लगत आहे. हा हेतु धरून ‘योत’ म्हणजे यवत असें म्हणणें हें अनुमान होय, आणि तें बळकट आहे. ‘माळ’ हा ‘महाल’ ह्या शब्दाचा अपभ्रंश असें १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरांत म्हटलें आहे. परगण्याचें ठाणें तेथें होतें, म्हणून हें म्हणणें संभवनीय खरें; तथापि ‘यवत महाल’ असें रूप एखाद्या मितीच्या कागदांत दाखविल्यावांचून तो तर्कच राहतो. गांव उंचवट्यावर वसलेलें पाहून ‘माळ’ हा साधा मराठी शब्दच मूळचा असें मानणें ही कल्पना. ती खोटी ठरली असें नाहीं, परंतु भूमीचा उंचसखलपणा नांवाच्या उत्पत्तीचा साक्षीदार होऊं शकत नाहीं. चार विधानें, आणि चारांचें वजन निरनिराळें. चौघांसहि ‘असें म्हणतात’ ही एकच मोहोर लावणें म्हणजे रुपया व कवडी एका थैलींत टाकणें होय.

हा विवेक परकीयांपासून शिकण्याची आपणांस गरज नाहीं. म्हाइंभटाच्या लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमींत गेली व पुढें स्मरणावरून पाठ सिद्ध झाले, असें महानुभाव पंथाचें ऐतिह्य आहे. त्या पाठांत एकाच लीळेविषयीं भिन्न स्मरण आढळलें, तर तें कोणाचें हें नोंदवून दोन्ही ठेविलेलीं दिसतात. नावडता पाठ दडपला नाहीं आणि आवडत्याला एकट्यालाच सिंहासन दिलें नाहीं. अशा पोथ्यांचा संग्रह यवतमाळच्याच शारदाश्रमानें केला, आणि य. खु. देशपांडे ह्यांचें ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ सालीं प्रसिद्ध झालें, ही ह्या प्रांताला भूषणावह गोष्ट आहे.

संग्राहकांस विनंति एवढीच कीं, यादी करितांना ‘आख्यायिका’ एवढाच शेरा मारून थांबूं नये. वार्ता कोणी सांगितली, कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं व कोणत्या कागदावरून, हें लिहावें. स्वतःचा तर्क असल्यास तो तर्क म्हणूनच निराळा मांडावा. आजचा तर्क उद्यांच्या कागदानें सिद्ध होईल किंवा पडेल. पण त्याचें नांवच बदलून टाकलें, तर तो तपासावयाचा आहे ह्याचीहि आठवण कोणास राहणार नाहीं.