रोझेनफेल्ड यांचे पीतबिंदुविषयक संशोधन : पुराव्याचा एक प्रश्न

वार्धक्यात पीतबिंदूचा ऱ्हास झाला म्हणजे वाचन व चेहरे ओळखणे यांस आवश्यक अशी मध्यवर्ती दृष्टी मंदावते. या विकाराच्या ओल्या प्रकारात दृष्टिपटलाखाली नव्या रक्तवाहिन्या वाढून पाझरू लागतात. त्यावरील उपचारांच्या इतिहासात मायामी येथील बॅस्कम पामर नेत्रसंस्थेचे वैद्यक-संशोधक फिलिप रोझेनफेल्ड यांचे नाव दोन भिन्न संदर्भांत येते. हे दोन्ही संदर्भ शेजारी ठेवल्यावाचून त्यांच्या कार्याचे यथार्थ मूल्यमापन होणार नाही.

पहिला संदर्भ ‘मरीना’ चाचणीचा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधाचे रोझेनफेल्ड हे प्रथम लेखक होत. तीत ७१६ रुग्ण होते. रॅनिबिझुमॅबचे इंजेक्शन दरमहा डोळ्यात घेणाऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांची दृष्टी वर्षाअखेर बव्हंशी टिकली. लटके इंजेक्शन दिलेल्या गटात हे प्रमाण ६२ टक्के होते. पुराव्याची ही रीत निर्दोष म्हणावी लागेल.

दुसरा संदर्भ याच्या नेमका उलट. बेव्हॅसिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मान्य झाले होते. रक्तवाहिन्यांची वाढ चेतवणाऱ्या त्याच प्रथिनास ते रोखते. परंतु त्याचा रेणू मोठा असल्याने तो दृष्टिपटलात शिरणार नाही, असा समज होता. २००५ मध्ये रोझेनफेल्ड व सहकाऱ्यांनी ते डोळ्यात देऊन पटलाखालील द्रव ओसरल्याचे प्रकाशीय छेदचित्रांनी दाखविले. हा वृत्तान्त अवघ्या एका रुग्णाचा होता. तरीही हा उपचार अल्पावधीत जगभर पसरला, कारण रॅनिबिझुमॅबच्या एका मात्रेस सुमारे २,००० डॉलर पडत, तर याच्या मात्रेस सुमारे ५०.

येथे आक्षेप उभा राहतो. एका रुग्णावरून अनुमान सुचते. सिद्धान्त ठरत नाही. दोन्ही औषधे जेनेंटेक या एकाच कंपनीची असल्याने स्वस्त औषधाची परीक्षा करण्यात तिला लाभ नव्हता. अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या साहाय्याने झालेल्या ‘कॅट’ चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले: दरमहा उपचारात दृष्टिलाभ अनुक्रमे ८.५ व ८.० अक्षरांचा, म्हणजे तुल्यबळ. मात्र शरीरावरील गंभीर दुष्परिणामांची नोंद बेव्हॅसिझुमॅबच्या गटात अधिक, सुमारे २४ टक्के, तर दुसऱ्या गटात १९ टक्के होती. या फरकाचा अर्थ लावण्यास ती चाचणी अपुरी होती.

तात्पर्य, २००५ च्या वृत्तान्ताचे श्रेय एका रूढ समजास तपासण्याजोगे आव्हान देण्याचे आहे. उपचार सिद्ध केल्याचे श्रेय ‘कॅट’चे. मधल्या सहा वर्षांत असंख्य वृद्धांची दृष्टी या स्वस्त औषधाने राखली, हे खरे. पण त्या काळात वैद्यकाने पत्करलेला धोकाही तितकाच खरा होता.