एडसेल : एका नावावरचा अन्याय

फोर्ड कंपनीच्या ‘एडसेल’ मोटारीचे नाव इंग्रजीत फजितीला प्रतिशब्द म्हणून रूढ झाले. नावच वाईट, असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही.

एडसेल हा हेन्री फोर्ड यांचा एकुलता एक मुलगा. १९१९ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत तो कंपनीचा अध्यक्ष होता. बापाचे लक्ष यंत्रावर, मुलाचे रूपावर. १९३९ सालची लिंकन कॉन्टिनेंटल त्याच्याच हौसेतून जन्मली; तिच्या संयत रेषांची जाणकार अजून वाखाणणी करतात.

१९५५ साली कंपनी नव्या गाडीसाठी नाव शोधू लागली. हजारो नावे जमली. मॅरिअन मूर या कवयित्रीकडेही शब्द टाकला. तिने ‘युटोपियन टर्टलटॉप’सारखी नावे सुचवली. अखेर बारसे झाले ते दिवंगत मुलाच्या नावाने.

मग जाहिरातींचा चौघडा सुरू झाला. गाडी झाकून ठेवून लोकांची उत्सुकता ताणली. ४ सप्टेंबर १९५७ रोजी पडदा उठला आणि समोर आली चारचौघींसारखीच एक मोटार. वेगळी होती ती तोंडावरची उभी जाळी. लोकांना ती घोड्याच्या गळपट्ट्यासारखी दिसली. गिअरची बटणे काही गाड्यांत सुकाणूच्या चाकाच्या मध्यावर, नेमकी भोंग्याच्या जागी! जुळणीही फोर्ड आणि मर्क्युरी गाड्यांच्या रांगेत मधूनमधून होई. परक्या पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखी तिची आबाळ झाली. त्यात अमेरिकेत मंदी आली. वर्षाला २ लाख गाड्या खपतील हा अंदाज होता; पहिल्या हंगामात तेथे जेमतेम ६३ हजार खपल्या. नोव्हेंबर १९५९ मध्ये उत्पादन थांबले.

दुसऱ्या वर्षीची एडसेल पुष्कळ सावरलेली होती. पण तोवर गिऱ्हाइकाने पाठ फिरवली होती. आम्हा कादंबरीकारांना हा अनुभव नवा नाही. फिके पुस्तक वाचक एकवेळ सोसतो. प्रस्तावनेत अमृत कबूल करून पुढे ताक वाढले, तर पुढचे पुस्तक तो हाती धरत नाही.

खरे दु:ख निराळेच आहे. ज्याला डौल कळत होता त्याचे नाव बेडौल गाडीला दिले, आणि त्या गाडीचा दोष त्याच्या नावाला कायमचा चिकटला. मुलांची नावे आपणही आजोबांवरून ठेवतो. ठेवताना आजोबांचा स्वभावही आठवावा.