तेलवाहतूक : ‘साखळी’ आणि ‘व्यवस्था’

खनिज तेलाच्या वाहतुकीसंबंधी लिहिताना मराठीत ‘पुरवठा-साखळी’ हा शब्द आता रूढ झाला आहे. तो सोयीचा आहे खरा. पण विचाराला तो एकाच दिशेने ओढतो. साखळीतील दुबळी कडी सापडली की शोध संपतो. १९६१ मध्ये जे फॉरेस्टर यांनी ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या ग्रंथात साठा, प्रवाह आणि विलंब यांची जी मांडणी केली, तिचा रोख याच्या उलट आहे. तीत परिणाम फिरून कारणावर येतो. म्हणून घटकापेक्षा घटकांचे परस्परसंबंध महत्त्वाचे ठरतात. सोस्यूरच्या भाषाविचाराशी परिचित असलेल्या वाचकास ही दृष्टी परकी वाटू नये.

नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळील पानेवाडी येथे या दोन दृष्टींतील अंतर स्पष्ट दिसते. मुंबईच्या शुद्धीकरण-कारखान्यातून निघालेले तेल सुमारे २५० कि.मी. नळवाटे येथे येते, टाक्यांत साठते आणि टँकरने अनेक जिल्ह्यांतील पंपांकडे जाते. साखळीच्या भाषेत हे वर्णन येथे पूर्ण होते. परंतु २५ जानेवारी २०११ रोजी भेसळीचा प्रकार उघडकीस आणू पाहणारे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना याच परिसरात जिवंत जाळण्यात आले. साखळीच्या हिशेबी ही बाहेरून आलेली आपत्ती होय. व्यवस्थेच्या दृष्टीने पाहता मात्र रेशनचे स्वस्त रॉकेल आणि महाग इंधन यांच्या भावांतील तफावत हीच एका चोरट्या प्रवाहाची प्रेरणा होती. यामुळे खुन्यांचा दोष तिळमात्र कमी होत नाही. उपायाची जागा तेवढी बदलते. २०१६ पासून रॉकेलची किंमत टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली, तो निर्णय पानेवाडीत झाला नव्हता. तरीही तो या प्रवाहाच्या उगमाशी भिडणारा होता.

तथापि ‘व्यवस्था’ हा शब्दही निर्दोष नाही. जानेवारी २०२४ च्या आरंभी अपघातविषयक नव्या दंडतरतुदीविरुद्ध चालकांनी टँकर थांबविले, तेव्हा टाक्यांत तेल असूनही पंपांवर रांगा लागल्या. आकृतीत ‘वहनक्षमता’ म्हणून नोंदलेला घटक हा कायदा वाचणारा, भिणारा माणूस आहे, हे तेव्हा ध्यानी आले. व्यवस्थेची सीमा कोण आखतो, हा चर्चमन यांनी १९६० च्या दशकात उपस्थित केलेला प्रश्न म्हणूनच मूलभूत ठरतो. ती सीमा टाक्यांचे मालकच आखणार असतील, तर ‘व्यवस्था’ हे साखळीचेच दुसरे नाव ठरेल.